अठ्ठेचाळीस तास

मी रात्रपाळीची नर्स.
माझी रात्र सकाळी नऊला सुरू होते,
डंडीतल्या या तिसऱ्या मजल्यावर, जाड पडद्यांआड,
नदीवर सीगल भांडत असतात तेव्हा.

आधी खुर्ची दिसली.
मी भिंतीला सारून ठेवते ती
खिडकीकडे तोंड करून उभी होती.
म्हटलं, मीच ओढली असेन.
बारा तास उभं राहून आल्यावर माणूस काय काय विसरतं.

मग बशीत ओली टीबॅग.
टेबलावर साखरेचे चार कण, आणि मी चहात साखर घालत नाही.
मग टॉयलेटची सीट, वर.
पोलिसांना काय सांगणार होते?
काही चोरीला गेलं का, विचारतील.
नाही. कपाटातले कपडे घडीच्या घडीला तसेच.
फक्त घालण्याआधी
आता मी ते झटकते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
मी झोपेत असताना कुलपात किल्ली फिरली.
जरासुद्धा न चाचरता, घरात राहणाऱ्याची फिरते तशी.
मी ओरडले नाही.
पांघरूण हनुवटीपर्यंत घेतलं
आणि माझ्याच घरात चोरासारखी श्वास दाबून पडले.
बावीस मिनिटं.
बूट. नळ. किटलीचा खळखळाट.
खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज,
मग बराच वेळ काहीच नाही.

फोन केला तर फर्गस क्रॉम्बी म्हणाला,
"बॉयलर बघायला आलो होतो. माझंच तर घर आहे, एल्स्पेथ."
त्या 'च'वर त्यानं
अख्ख्या इमारतीचं वजन टाकलं होतं.

करारनामा काढला. पान सहा, बारीक अक्षर:
येण्याआधी अठ्ठेचाळीस तास, लेखी.

खालच्या मिसेस ऑक्टरलोनी जिन्यात भेटल्या, हातात कचऱ्याची पिशवी.
"फर्गसची आई त्याच खिडकीत बसायची गं,
शेवटची दोन वर्षं. पुलावरच्या गाड्या बघत.
तू यायच्या आदल्याच महिन्यात गेली."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.
रोज रात्री मी असल्याच आयांची नाडी धरून बसते.
पण त्याच्या दुःखाला
माझ्या झोपेची किल्ली
मी कधी दिली होती?

पत्र लिहिलं. तीन कागद फाडले, चौथा ठेवला:
"बेल वाजवा. त्याआधी लिहा.
आणि मी नाही म्हणू शकते, हे धरून लिहा."
दाराला आतून साखळी बसवली.
नुसता आवाज ऐकायला ती दोनदा लावून पाहिली.

आज दाराच्या फटीतून लिफाफा पडला.
तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसानं
तिकीट लावून, पोस्टानं पाठवलेला.
अक्षर शाळकरी पोराचं, रेघ सोडून खाली घसरणारं.
गुरुवारी तीन वाजता. अर्धा तास.
बॉयलरचं नावही नाही.
"जमणार असेल तर."

पत्र टेबलावर आहे.
आज खुर्ची मी वळवली, खिडकीकडे.
पुलावरून गाडी गेली, डबे मोजले, चुकले.
हो म्हणेन बहुधा.
अजून म्हटलेलं नाही.
अठ्ठेचाळीसातले एकेचाळीस तास उरलेत
आणि ते माझेच आहेत.

पडदे ओढते. साखळी लावून झोपते.