सूतभर

सोमवारी उद्यमनगरात लाईट नसते,
म्हणून ड्रमचा पेपर सोमवारी बदलायचा.
तरी मी मेन स्विच पाडतो
आणि फ्यूज काढून खिशात टाकतो.
दौलू मिस्त्रींच्या डाव्या हाताला साडेचार बोटं होती,
गेलेल्या अर्ध्यानं ही सवय लावली.

झाकण उचललं की आधी वास येतो,
जळका, गोडसर,
गुऱ्हाळात काहिलीच्या तळाला लागावं तसा.
ऐंशी नंबरचा पेपर. आता कसला नंबर,
मांजराची जीभ याहून खरखरीत असेल.
पण वाचता येतो.
ही फाटकी रेघ कदमवाडीच्या जुन्या दाराची,
आत खिळा राहिला होता, सांगितलं नव्हतं कुणी.
हा पिवळा चिकटा आकेशियाचा.
आणि मधली जांभळट झाक शिसवाची,
बावड्याहून सांगून गेलेल्या चौरंगाची.
लग्न मोडलं. चौरंग आमच्याच माळ्यावर आहे.

डावीकडची क्लिप लगेच सुटते.
उजवीकडची ड्रमच्या पोटात,
दोन बोटं जेमतेम जातील अशा खाचेत
स्प्रिंगला धरून बसलेली.
माझी बोटं आता जात नाहीत.
तौफिकची जातात.
डोळे मिटून, जीभ दातांत धरून तो चाचपतो,
खोल बरणीतून लिंबाची फोड काढावी तसा.
टक्.
सगळा वेढा सैल होऊन पायाशी पडतो.

मग नवा कापायचा.
जुना खाली अंथरायचा, नवा त्यावर पालथा,
कडेला कड.
"कात्री चालीव, अक्कल चालवू नगंस,"
मिस्त्री म्हणायचे.
पहिला त्यांनीच कापलेला,
उत्तूरकरांनी मोडीतल्या ऑईल इंजिनाच्या शाफ्टवर
हा ड्रम चढवून दिला त्या दिवशी.
त्यावरून दुसरा. दुसऱ्यावरून तिसरा.
एकवीस वर्षांत किती झाले, कुणी मोजलेत.

तौफिक आयटीआयचा. त्यानं गुण्या लावला.
"मामा, हे तिरकं टोक सूतभर चुकलंय."
मी म्हणालो, चष्मा कुठाय माझा.
चष्मा लावून म्हणालो, गुण्या वाकडा असंल.
त्यानं दुसरा गुण्या आणला.
सूतभर.

म्हणजे ती रेघ!
प्रत्येक फळीवर, डाव्या कडेपासून चार बोटं आत,
केसाएवढी,
पेपरची कड कडेवर चढते तिथली,
जी आम्ही इतकी वर्षं हातानं घासून काढली.
नव्या पोराला मी सांगायचो,
"ड्रमची खोड हाय ती."
मला सांगितलं होतं तेच.

मिस्त्रींचा हात हलला असेल तेव्हा,
किंवा कुणी हाक मारली असेल रस्त्यावरून,
किंवा तेच अर्धं बोट नडलं असेल कात्रीच्या कडीत.
पहिला पेपर कधीच झिजून गेला.
हललेला हात तेवढा उरला,
पेपरावरून पेपरावर उतरत.

तौफिक कात्री धरून थांबलेला.
बाहेर कुणीतरी रिकामा हातगाडा
खडखडत नेला, तो लांब जाईपर्यंत
मी काही बोललो नाही.
मग म्हणालो, "काप. गुण्यानं."

मंगळवारी लाईट आली, मशीन सुरू होईना.
फ्यूज कालच्या शर्टात, शर्ट घरी, बादलीत.
तौफिक सायकलवरून जाऊन घेऊन आला,
साबणाच्या पाण्यानं ओला,
तो वाळवण्यात दहा वाजले.

पहिली फळी सागाची.
पलीकडून बाहेर आली, मी दारात नेऊन
उन्हात तिरपी धरली.
रेघ नव्हती.
तौफिक हसला, चहा सांगायला गेला.
माझा अंगठा मात्र
चार बोटं आत जाऊन थांबला
आणि घासायला लागला.

जुना पट्टा खिळ्याला टांगलाय.
चुकून पुन्हा कुणी त्यावरून कापू नये म्हणून
पाठीमागं खडूनं लिहायचं आहे, "चूक".
खडू खिशात आहे.
अजून लिहिलेलं नाही.