बेरीज सतरा

शुक्रवार पेठेत, तांबोळींच्या बाइंडिंगखान्यात
मशीन आलं टेम्पोतून, ताडपत्रीखाली.
जुनंच, शिवकाशीचं.
कडेला कुणीतरी ओढलेली कुंकवाची पाच बोटं,
तांबोळीमामा म्हणाले, राहू दे, पुसू नको.

तोंडाशी हवा ओढणारे रबरी पेले,
मग रूळ, मग पट्ट्या, पुन्हा रूळ.
इकडून जातो छापलेला अख्खा ताव,
तिकडून पडतो सोळा पानांचा फर्मा,
अंग चोरून बसलेला.
मला हे बघायला आवडतं. अजूनही.

सहा वर्षं मी इथून दहा मिनिटांवर,
सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसलो.
महिना नऊशे रुपये खुर्ची, पंखा समाईक.
एकदा तीन मार्कांनी गेलं,
एकदा दीडने,
मग वयच गेलं.
आता त्याच परीक्षेच्या सराव-पुस्तिका
माझ्या हाताखालून जातात, तासाला चार हजार.

उलगडलेला ताव वेडाच दिसतो:
एक बसलाय सोळाच्या मांडीला मांडी लावून,
वर आठ आणि नऊ, डोकं खाली, पाय वर.
पण शेजाऱ्यांची बेरीज करा.
चार नि तेरा. पाच नि बारा.
सतरा. दरवेळी सतरा.
सोजरबाईंना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं.
"आसंल," त्या म्हणाल्या,
"मला पैसं हजारावर मिळत्यात, सतरावर न्हाई."

तेहतीस वर्षं त्यांनी हातानं घडी घातली.
हाडाची पट्टी, मांडीखाली पोतं,
उजवा अंगठा चमच्यासारखा चपटा.
खळीत मोरचूद किती, ते रंगावरून सांगतात.
मशीन आल्यापासून त्या पिना मारायला बसतात,
आणि मशीनकडे पाठ करून.

त्या रात्री माल सकाळी
आप्पा बळवंत चौकात पोचवायचा होता.
तावांचा गठ्ठा मी लावला. घाईत, उलटा.
पहिला फर्मा उघडून बघितला, बेरीज केली:
सतरा.
बटण दाबलं.

दोन हजारांवर सोजरबाईंनी एक उचलला.
वाचता येत नाही त्यांना, आकडे तेवढे ओळखीचे.
"ह्यातला एक कुठं गेला रं?"

पुस्तिका पाचापासून सुरू होत होती.
पाच ते आठ, मग एक ते चार,
मग तेरा ते सोळा, म्हणजे उत्तरं,
आणि प्रश्न त्यांच्या मागून,
उशिरा आलेल्या उमेदवारासारखे धापा टाकत.
शेजारी मात्र तेच होते. बेरीज चुकली नव्हती.

मामा काही बोलले नाहीत. मशीन बंद केलं.
मग आम्ही तिघं, पोत्यावर, पहाटे साडेचारपर्यंत:
उलगडा, फिरवा, पुन्हा घाला.
घडीची रेघ तीच, काही ठिकाणी उलटी मोडायची.
कागद ऐकत नव्हता.
"पयल्यांदा जसा मोडला तसाच मोडतो त्यो," बाई म्हणाल्या,
"त्येला राग नसतो, सवय असती."
पट्टी त्यांनी मला दिली,
स्वतः अंगठाच चालवला.
हिशेबाला मामांनी दोन हजार वेगळे लिहिले,
हाताच्या दराने.
तो दर वहीत शोधायला त्यांना बरीच पानं मागं जावं लागलं.

महिन्याभराने पेरूगेटजवळ चहाच्या टपरीवर
एक मुलगी उभ्याने वाचत होती.
पुस्तिका तीच. मी शिवणीवरून ओळखली,
मऊ पडलेली, पांढुरकी.
पान बसत नव्हतं, ती अंगठ्याने दाबत होती,
ते पुन्हा उठत होतं.
वाचत होती मागून, उत्तरांकडून.

सांगावंसं वाटलं. काय, ते ठरेना.
चहा संपवला.
दहाची नोट चारदा दुमडली,
उलगडली,
आणि दिली.