नवा रुपया चालत नाही

पाथर्डी फाट्याच्या रो-हाउसमध्ये
गाडीच्या जागी आता ती उभी आहे.
गाडी बाहेर, उन्हात.
यावर घरात जे बोलणं व्हायचं
ते होऊन गेलं.

द्वारकेजवळच्या भंगारवाल्याने किलोवर दिली.
लाकूड वजा करून एक्केचाळीस किलो.
टेम्पोत दोरी आवळताना त्याचा पोरगा म्हणाला,
मावशी, हे कपाट आहे का एटीएम?

पाठ उघडली.
झुरळांची अंडी, बडीशेपेची रिकामी पुडी,
आणि सर्किटच्या पाटीवर बॅटरी फुटून उतरलेला
हिरवा कळंक, तांब्याच्या घंगाळाला चढतो तसा.
व्हिनेगर, जुना टूथब्रश, मग स्पिरिट.
खाल्लेल्या वाटा केसाएवढ्या तारेने सांधल्या.
बावीस वर्षं अंबडला वाइंडिंगमध्ये होते मी,
तार माझं ऐकते.
पिक्चर ट्यूब कुणाचंच ऐकत नाही.
प्लग काढला तरी पोटात वीज धरून बसते,
जुना राग धरावा तशी.
तिला आधी स्क्रूड्रायव्हरने अर्थ द्यायचा,
चट् झालं
की मग हात लावायचा.

अशीच एक हनीफ कोकणींच्या पार्लरमध्ये होती,
बिटकोवरून आत, सायकलच्या दुकानामागे.
दाराला हिरवा पडदा, गुडघ्यापर्यंतच.
खाली नुसते पाय दिसायचे.
स्लिपरा, शाळेचे बूट,
एकदा आमच्या पीटीच्या सरांचे पांढरे कॅनव्हास.
मुलीचे पाय त्यात कधी दिसले नाहीत.
मी बाहेर, रमाकांतला जेवायला बोलवायला आलेली,
आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे
त्याच्या किती लाइफ उरल्यात.
तो म्हणायचा, थांब, शेवटची.
कधीच शेवटची नसायची.

वडील नोट प्रेसमध्ये.
दिवसभर कोऱ्या नोटांच्या थप्प्या मोजून,
गेटवर झडती देऊन घरी यायचे,
आणि आमच्या घरात
रुपया सुटा नसायचा.

मग हा कुठून आला?
कॉइन बॉक्सच्या तळाशी अडकलेला एक रुपया,
कडेला बारीक भोक,
भोकात तुटका दोरा.
हीच ती मशीन, की दुसरी कुठली,
सांगता येत नाही. नाव खरवडलेलं आहे.
रमाकांतला फोटो पाठवला.
तो सिन्नरला, बँकेत, थकलेल्या कर्जांच्या वसुलीला.
उत्तर आलं: माझा नाही.
पाच मिनिटांनी पुन्हा:
दोरा कुठल्या रंगाचा आहे?

खाकी.
आईच्या मशीनवर युनिफॉर्मची शिलाई व्हायची तो.
मी काही लिहिलं नाही.

सगळं जुळलं, पडदा उजळला, आवाज आला,
आणि नवा रुपया चालेना.
अंगाने लहान. आत जातो,
कुठेही न थांबता खालच्या वाटीत पडतो.
जुना, मोठा रुपया हवा.
वाण्याकडे नाही, बँकेत हसले.
शेवटी रामकुंडावर गेले.
तिथली पोरं दोरीला चुंबक बांधून
गोदावरीतून नाणी ओढतात.
एकाशी सौदा केला, जुने पन्नास, दुप्पट भावाने.
कुणी कशासाठी सोडलेले, कुणाच्या नावाने,
ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
ताई, पूजेला का? त्याने विचारलं.
नाही, म्हटलं. खेळायला.
त्याने एक जास्त दिला.

रात्री सगळे झोपल्यावर
मी पहिला रुपया टाकला.
खण्ण्. थांबला. धरला.

हा खेळ मला पाठ होता.
कुठे उडी, कुठे दगड, कुठे ते वाजतं
की आता धाव, सगळं,
पडद्याबाहेर उभं राहून, कानांनी.
डोळे उघडे ठेवून खेळले
तर पहिला जीव अकरा सेकंदांत गेला.

पिशवीत हात घातला.
नाणी अजून ओलसर होती.
थांब, म्हटलं कुणाला तरी,
शेवटची.