हरकत क्रमांक सतरा

त्र्यंबक रस्त्याच्या आत, शाळेच्या पडवीत सुनावणी.
गट नंबर एकशे चार, खाणपट्ट्याचा अर्ज,
हरकती तीस दिवसांत.
मी लिहून घेणारा.

सोळा जणांनी धूळ सांगितली,
सुरुंग, तडकलेल्या भिंती, आटलेली विहीर.
मग येसाबाई लिलके उठली:
चार वाजता डोंगराची सावली माझ्या खळ्यात येती.
तवाच मी नाचणी पाखडते.
डोंगर नेल्यावर ऊन कोण अडवील?

नमुन्यात रकाना नव्हता.
साहेब म्हणाले, 'इतर' लिहा.
लिहिलं.

पंख्यानं कागद उडाले.
तिनं पायरीजवळचा दगड उचलून वर ठेवला.
त्या डोंगराचाच असणार,
इथे दुसरा कुठला?

आता फाइल नाशकात, माझ्या टेबलावर, दगडासकट.
चार वाजलेत.
आवक क्रमांक ह्यालाही द्यायचा का,
साहेबांना विचारायचं राहिलंय.