सतरा की एकवीस

कारखान्याच्या मागच्या दाराशी
मासळीचे रिकामे क्रेट पालथे घालून आम्ही बसायचो.
समोर खाडी, खाडीपलीकडे विगो,
आणि मध्ये इकडून तिकडे करणारी एक बोट,
दुपारची जवळजवळ रिकामीच.

कांगासमधल्या त्या कारखान्यात नियम सरळ होता:
ओढणारीला आठ मिनिटं सुटी,
न ओढणारीने तारल्या भरत राहायचं.
मी एकोणीस वर्षांची. छाती साफ. आईला शब्द दिलेला.
तिसऱ्या दिवशी एरुंदिना म्हणाली,
"पोरी, कंबर जाईल तुझी. ही धर.
ओढू नकोस हवं तर, नुसती पेटती ठेव."

माझी सुरुवात अशी झाली,
कंबरेपासून.

पहिल्या झुरक्याला डोळ्यांतून पाणी आलं
आणि सगळ्या खो खो हसल्या,
पण हसता हसता कुणीतरी पायानेच
एक क्रेट माझ्याकडे ढकलला.
तो पुढे अकरा वर्षं माझा होता.

हातांत मासळी इतकी मुरलेली
की लिंबू हरलं, साबण हरला,
साबेलाच्या लग्नात म्हणे पाद्रीबाबाने
अंगठी जरा लांबूनच दिली.
धूर तेवढा त्या वासावर बसायचा,
थोडा वेळ, पाहुण्यासारखा,
टेकायचा आणि उठायचा.

वारा असा की लायटर पेटता पेटत नसे.
मग तीन डोकी जवळ यायची,
एका ज्योतीभोवती सहा तळवे.
एवढ्या जवळून मी नवऱ्याकडेही
कधी पाहिलं नव्हतं.
आणि मग सुरू:
कुणाचा दादला आयर्लंडकडच्या पाण्यात, नऊ दिवस फोन नाही,
कुणाचा घराचा हप्ता थकलेला,
मुकादमाने केस काळे केलेत, कानही काळे झालेत.
ओफेलिया काहीच बोलायची नाही.
नाकातून धूर सोडायची, एकदा किंवा दोनदा,
त्यावरून आम्हाला कळायचं
रात्री घरी काय झालंय ते.

मी मागून ओढायचे. पगाराच्या आधीच्या आठवड्यात तर नेहमीच.
एरुंदिना पाकीट पुढे करायची, तोंडाने एक शब्द नाही.
मीठ उसनं नेलं तर माणूस विसरतो.
सिगरेट नाही विसरत. मी मनात मोजत होते.

मग ती महिनाभर आली नाही.
आली तेव्हा तिच्याकडे छातीचा फोटो होता.
उजेडाकडे धरून तिने दाखवला:
"हे बघा, इथे आभाळ आलंय."
आणि फोटो घडी करत म्हणाली,
"एक आहे का कुणाकडे?"

सगळ्यांनी बोटीकडे पाहिलं.
माझ्या खिशात पाकीट होतं, भरलेलं, पगार परवाच झालेला.
आठ मिनिटं इतकी लांब असतात
हे मला त्या दिवशी कळलं.
दिली असती
तर एक तरी फिटली असती.
नाही दिली म्हणून ती जगली, असंही नाही.

चर्चबाहेर तिचा मुलगा भेटला, ब्राइस,
लुगोला शाळेत शिकवतो, ओढत नाही.
मी म्हटलं, "तुझ्या आईच्या सतरा सिगरेटी लागते मी."
त्याने कोटातून तळहाताएवढी वही काढली,
ओली झाल्याने फुगलेली, मासळीच्या वासाची.
माझ्या नावाखाली पेन्सिलीने पाच-पाच काड्यांच्या
चार मोळ्या, आणि बाजूला एक सुटी काडी.
"एकवीस," तो म्हणाला.

मी म्हटलं, सतरा.
तो म्हणाला, "आईचा हिशेब आहे, बाई."
दफन व्हायचं होतं, लोक खोळंबले होते
आणि आम्ही दोघं चार सिगरेटींवरून भांडत होतो.
मग तो हसला. अगदी तिच्यासारखा, खोकला वजा.

सहा वर्षं झाली मला सोडून.
परवा तंबाखूच्या दुकानात शिरले, हिशेब मिटवून टाकू म्हणून.
पाकीट वीसचं मिळतं.