साठाला चार हजार

इड्वलचं तीन वर्षं एकच पालुपद:
साठच्या वेगाला चार हजार फेरे,
म्हणजे इंजिनाच्या जिवाचे हाल.
नऊ दातांमागे अडतीस दात,
हे गणित जुन्या वळणवाटांचं,
पोस्टमन आणि नर्सबाई
फाटकाफाटकाशी थांबायच्या, तेव्हाचं.
आता मागून लॉऱ्या येतात,
आरशात मावत नाहीत एवढ्या,
आणि आमची मॉरिस मायनर, फिकट हिरवी,
सगळा जीव लावून त्यांच्या वाटेत.

गिअर चारच.
तरी माझा हात अधूनमधून मुठीवर जातो,
जिना संपल्यावर अंधारात
पाय आणखी एक पायरी शोधतो तसा.

मला आवाजाचं काही नव्हतं.
एकवीस वर्षं लोकरीच्या गिरणीत मागावर काढली,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आम्ही बाया ओठ वाचून भांडलो,
ओठ वाचूनच हसलो.
यंत्र रडतंय की रमलंय ते तळहाताला कळतं.
चार हजारांवर ती मूठ
नुसत्या गुदगुल्या करते.
हे मी त्याला सांगितलं.
तो म्हणाला, तळहातावर आकडे नसतात.

दुसरा डिफरन्शियल स्वयंपाकघरात, टेबलाखाली,
गोणपाटात गुंडाळलेला. तीन हिवाळे.
मोडीत निघालेल्या कुठल्याशा मिजेटचा,
दहामागे सदतीस.
पाहुण्यांच्या नडग्यांना लागायचा,
मांजर त्यावर झोपायचं.
मी म्हणायची, बुल्खच्या चढावर
टॉप गिअरला दम पुरायचा नाही.
तो म्हणायचा, मग तिसरा कशाला दिलाय?

नोव्हेंबरात बसवला.
दोन शनिवार, भाचा गेथिन गाडीखाली,
हा स्टुलावर बसून पाने देत.
एकदा स्वतः वाकून बघायला गेला,
उठताना मडगार्ड धरून बराच वेळ थांबला.
म्हणाला, गारठा आहे.

पहिली खेप डव्हीच्या काठानं,
ओहोटी लागलेली, चिखलात पाखरं.
पन्नास.
काटा तीन हजारांच्याही खाली.
"बघ," तो म्हणाला. "बघ, नेस्टा."
खरंच होतं त्याचं.
वर्षानुवर्षं उघडं राहिलेलं एखादं दार
कुणीतरी हळूच ओढून घेतलं असावं.
मागच्या सीटवर थर्मासचं झाकण किणकिणलं,
ते ऐकू आलं.
मग काचेच्या फटीतला वारा.
मग तो.

आत जाताना शीळ, बाहेर येताना खरखर.
पाटीच्या दगडाची तीस वर्षांची भुकटी
एका छातीत.
घरी नळ असतो, किटली असते,
बातम्या असतात.
आणि माझा डावाच कान काय तो धड,
रात्री मी त्याच कुशीवर झोपते.
गाडीत तो माझ्या डावीकडे बसतो.

मिनिटाला सव्वीस. मोजले गेले माझ्याकडून.
मोजायची खोड त्याचीच.
तो काट्याकडे बघत होता, लहान पोरासारखा खूश,
मांडीवर बोटांनी हिशेब करत:
गॅलनमागे चार मैल तरी वाचतील,
बेअरिंगं आपल्याला पुरून उरतील.

मी क्लच दाबला
आणि तिसरा टाकला.

रस्ता सपाट होता. मागे कुणी नव्हतं.
काटा चढला, चार हजारांवर जाऊन थांबला,
मायनर पुन्हा तिच्या आवाजात,
झाकण गेलं, वारा गेला.
इड्वलनं आधी काट्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
त्याचे ओठ हलले. वाचले मी:
चढ आहे का?

मी मान डोलावली.
थोडा आहे.