शिसपेन्सिल

क्लीव्हलँडच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावर,
आम्ही पाचजण आणि त्रेसष्ट अर्ज.
कधीच फिल्म न केलेला मी एकटाच.
एकतीस वर्षं फक्त दाखवल्या,
रिळं चढवली, उतरवली,
आणि थेटर पाडलं तेव्हा
प्रोजेक्टरचं भिंग तेवढं रुमालात बांधून घरी आणलं.
बोलावणाऱ्यांनी लिहिलं होतं: प्रेक्षकांच्या वतीने.

अनुदान चौघांना, प्रत्येकी सहा हजार डॉलर.
माणूस इथलाच हवा. विषय न्यायाचा हवा.
आणि 'अपेक्षित परिणाम', दीडशे शब्दांत.

अर्ज एकेचाळीस. व्हर्नेटा कोल्स.
शाळेची बस चालवते.
तिने लिहिलंय:
काही मुलं सप्टेंबरात माझं नाव पाठ करतात
आणि मार्चमध्ये पुन्हा विचारतात.
मी त्यांचे थांबे नकाशावर जोडून पाहिले.
सगळी जुनी, भाड्याची घरं.
खिडक्यांना रंगावर रंग फासलेला,
अगदी तळाच्या थरात शिसं.
खिडकी वर सारली की पिठासारखं झडतं.
चवीला गोड असतं म्हणे.
मुलं बोट लावतात, बोट चोखतात.

परिणामाच्या चौकटीत एकच वाक्य:
'घरमालक दार लावून घेईल, तेही मी टिपीन.'
उरलेली चौकट
तिने तशीच परत केली होती.

मग हिशेब.
मेमरी कार्डं. उसन्या कॅमेऱ्याचा विमा.
आवाज धरायला भाचा, दिवसाला ऐंशी.
आणि शेवटून दुसरी ओळ:
पीच कॉब्लर, बारा ट्रे, एकशे ऐंशी डॉलर.
समोर बारीक अक्षरात:
ज्या घरची आई कॅमेऱ्यासमोर बोलणार
त्या घरी मी रिकाम्या हाताने जात नाही.

ब्रायरली, फाउंडेशनकडून आलेला, चष्मा वर करून म्हणाला,
'हे कशात बसवायचं? प्रवासात? संशोधनात?'
कुणीतरी हसलं. बहुतेक मीच.
साबोबाई म्हणाल्या, 'बाकी सगळं चोख आहे, एवढं काढून टाका.'
मी पेन्सिल उचलली.
शिसपेन्सिल म्हणतात, पण शिसं नावापुरतंच.
लहानपणी मी किती चावल्या, काही झालं नाही.
त्या ओळीवर आडवी रेघ मारली.
हात आखडला तोही कुठे, तर गोडाच्या ओळीवर.

मंजूर झालं. पाच हजार आठशे वीस.

पुढच्या नोव्हेंबरात, चर्चच्या तळघरात,
घडीच्या खुर्च्या, भिंतीवर चादर,
प्रोजेक्टर लावायला मीच.
सव्वीस मिनिटं.
एक बाई ओला कागद घेऊन खिडकीची चौकट पुसते,
कागद दुमडते, पुसते, पुन्हा दुमडते.
कॅमेरा हलत नाही.
आतून पोराचा आवाज: 'अजून किती?'
ती सांगत नाही.

मग दुसरं घर. तिसरं.
मला रिळं मोजायची सवय, म्हणून असेल,
चौथ्या घरात लक्षात आलं:
टेबलाच्या कोपऱ्यात, चित्राच्या अगदी कडेला,
फॉइलने झाकलेला एक ट्रे.
पाचव्यातही. नवव्यात एक मूल
फॉइलचा कोपरा उचलून बघतं, आणि आई बोलत राहते
वीजबिलाबद्दल, डॉक्टरांबद्दल,
घर सोडायच्या नोटिशीबद्दल.
मी मोजत गेलो. बारा.

घरमालकानेही दार लावून घेतलं, सांगितल्याप्रमाणे.
दारावर रंग ताजा होता.

शेवटी आमची नावं आली, आभारासकट,
साबोबाईंचं स्पेलिंगसुद्धा बरोबर.
पदरमोडीचं नाव कुठे येत नाही.

दिवे लागले. व्हर्नेटा वायर गुंडाळायला आली,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत, नीट वेटोळी घालत.
'पुढचे अर्ज कधी निघतात?' तिने विचारलं.
'जानेवारीत,' मी म्हटलं,
आणखी काही म्हणायचं होतं ते राहिलं.
खिशात हात घातला तर तीच पेन्सिल.
टोक झिजून बोथट झालेलं,
आणि मागच्या टोकाचं रबर
अजून कोरं.